दोरीच्या मापाने काढलेले चेहरे

धाकट्या,

तुझ्याबद्दल काहीतरी लिहून द्या म्हणून तुझी बायको माझ्या मागे लागली आहे. "चांगलं चांगलं लिहा, ताई," असं वर बजावूनही गेली. चांगलं चांगलं मला जमत नाही. मी आयुष्यभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. तिथे पान किडलेलं असेल तर चित्रातही किडलेलंच काढावं लागतं. म्हणून हे सरळ तुलाच लिहिते. तू मध्ये बोलणार नाहीस, ही एक सोय झाली. बाकीच्यांनी वाचलं तर वाचू देत.

त्यांच्यासाठी आधी तुझी ओळख करून द्यायला हवी. तू माझा धाकटा भाऊ, आणि सरकारी इस्पितळाच्या शवागारातला फोटोग्राफर. हे दुसरं वाक्य आपल्या घरात कोणी पूर्ण बोलायचं नाही. आई "इस्पितळात असतो" एवढ्यावर थांबायची, तुझी बायको "फोटो काढतात" एवढ्यावर. चारचौघांत कोणी खोदून विचारलंच, तर तू सांगायचास की मी पोर्ट्रेट काढतो. गिऱ्हाईक हलत नाही, त्याला हस म्हणावं लागत नाही, आणि फोटो पसंत नाही म्हणून कोणी कधी परत आलेलं नाही. ज्याच्या डोक्यात प्रकाश पडायचा तो पाणी प्यायला उठायचा. तुला मजा वाटायची. मला वाटायची नाही, पण हसू यायचं.

काम तुझं असं. रस्त्यावर, नदीत, स्टेशनवर सापडलेली, नावगाव नसलेली माणसं तुमच्याकडे यायची. त्यांच्या चेहऱ्याचा फोटो तू काढायचास. तो बाहेरच्या व्हरांड्यातल्या बोर्डावर लागायचा. ज्यांचं कोणी हरवलेलं असेल ते येऊन बोर्ड बघायचे. ओळख पटली तर मेलेला माणूस आपल्या घरी जायचा. नाही पटली तर मुदत संपल्यावर बेवारस म्हणून त्याची विल्हेवाट लावली जायची. म्हणजे घर की बेवारस, एवढा सगळा निकाल तुझ्या एका फोटोवर. हे तुला पुरतं ठाऊक होतं, म्हणून तू सुट्टीच्या दिवशीही जायचास. यात मी काही पदरचं घालत नाही.

आता तुझी लेन्स. ती तुझ्यापेक्षा वयाने मोठी होती. तरुणपणी ज्या स्टुडिओत तू उमेदवारी केलीस तो बंद झाला, तेव्हा मालकाने ती तुझ्या हातात ठेवली. नुसतं धातू आणि काच, आत मोटर नाही की तार नाही. इस्पितळाने पुढे नवा कॅमेरा दिला, त्याच्याबरोबर आपला आपण फोकस करणारी लेन्सही दिली. ती तू कपाटात टाकलीस आणि मध्ये एक कडं बसवून नव्या कॅमेऱ्याला ही म्हातारी चिकटवलीस. मी म्हटलं, सरकारने फुकट दिलेलं वापरायला तुला काय होतं? तू म्हणालास, तिथे एक मिणमिणती ट्यूबलाइट लावलेली असते, त्या उजेडात नवी लेन्स घुर्रघुर्र करत पुढेमागे शोधत बसते.

"तिला पकडायला काहीतरी लागतं, ताई. त्या चेहऱ्यांवर पकडण्यासारखं फार उरलेलं नसतं."

ते खरंही होतं. पण त्याच्या मागे दुसरं खरं होतं, ते मला फार उशिरा कळलं.

जुन्या लेन्सचा हा गुण की तिच्यावर सगळं कोरलेलं असतं. रिंग बोटाने फिरवायची. किती अंतरावरचं स्पष्ट दिसेल तो आकडा रिंगवरच असतो. उजेड आत घेणारं छिद्र लहानमोठं करायचं तर दुसरी रिंग, तिला टकटक असे खटके. खटके मोजले की झालं. तू एकदा माझ्या स्वयंपाकघरात मला ते करून दाखवलंस, आणि रिंगवर कानशीने घासलेली एक खाच दाखवलीस. नखाला ती लागली की अंतर बरोबर. त्याच मापाची दोरी कॅमेऱ्याला बांधलेली, तिच्या टोकाला शिशाचा छोटा गोळा. स्टुलावर उभं राहून तू कॅमेरा खाली रोखायचास, दोरी सोडायचास, आणि तुमचा शिपाई, ज्याला सगळे मामा म्हणतात, तो गोळा त्या माणसाच्या दोन भुवयांच्या मध्ये टेकवायचा. टेकला की "लागला" म्हणायचा. मग दोरी बाजूला, आणि फोटो.

मी कौतुक केलं. तुझ्या साहेबांनीही केलं म्हणे. सगळे फोटो एका मापाचे येतात, याला म्हणतात शिस्त. डोळे लागूच नयेत अशी ती पद्धत तू का शोधून काढली होतीस, हे एकाही शहाण्याने विचारलं नाही.

आता बुरशीची गोष्ट. थंड खोलीतून लेन्स बाहेरच्या उकाड्यात यायची, तिला घाम फुटायचा, आणि आतल्या काचेवर पांढरे तंतू धरायचे, कोळ्याच्या जाळ्यासारखे. मला अर्थात ती बुरशी बघायची होती. तू म्हणालास, ही बुरशी आहे, ताई, पाहुणी नाही, हिला चहा पाजू नकोस. दरवर्षी तू जेवणाच्या टेबलावर जुनं फडकं पसरून लेन्स उघडायचास आणि पुसून परत जोडायचास. तुझ्या बायकोला त्या दिवशी ताट मांडीवर घेऊन जेवावं लागायचं आणि ती तुझ्या नावाने खडे फोडायची.

यातली एक गोष्ट लोकांना सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. त्या फिरत्या रिंगच्या आत पितळेची दोन नळकांडी एकमेकांत आट्यांनी बसलेली असतात. आटे एका जागेवरून सुरू होत नाहीत, अनेक जागांवरून होतात. म्हणून उघडताना ती जिथे सुटतात तिथे सुईने बारीक ओरखडा काढायचा, आणि जोडताना ओरखड्याला ओरखडा भिडवायचा. नाही भिडवला तरी नळकांडी बसतात. शेजारच्या आट्यात तितकीच छान बसतात. रिंग तशीच मऊ फिरते, आकडे तसेच वाचता येतात. फक्त आकडा जे अंतर सांगतो तिथे लेन्स बघत नाही, त्याच्या जरा पलीकडे बघते.

गेल्या खेपेला तू तो ओरखडा नखाने चाचपून शोधलास. सापडला असं तुला वाटलं. जोडून झाल्यावर नेहमी तू खिडकीतून समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर लेन्स रोखायचास. रिंग शेवटापर्यंत, लांबचं दिसायच्या टोकाला नेली की टाकी सुरीने कापल्यासारखी दिसायला हवी. त्या दिवशी तू कॅमेरा बायकोच्या हातात दिलास आणि पडद्यावर टाकी कशी दिसते ते विचारलंस. ती कणीक मळत होती. कोपरानेच कॅमेरा सरळ करत तिने बघितलं आणि म्हणाली, "टाकीसारखी."

झालं. दुसरा प्रश्न तू विचारला नाहीस. कडा कशा आहेत, नळ दिसतो का, एवढं विचारलं असतंस तर तिने हात धुऊन चष्मा लावला असता. पण मग तीही विचारती, की तुम्हाला काय धाड भरलीय स्वतः बघायला. ते तुला नको होतं.

मला ते कळलं ते माझ्या रक्ततपासणीमुळे. रिपोर्ट घ्यायला इस्पितळात आले होते, म्हटलं तुला बरोबर घेऊन घरी जेवायला जावं. तुझ्या खात्याच्या व्हरांड्यात मी त्याआधी पाऊल ठेवलं नव्हतं. पिवळ्या भिंती, लाकडी बाक, आणि तो बोर्ड. बोर्डासमोर एक म्हातारा उभा होता, एकेका फोटोला नाक लावून बघत होता. तो गेल्यावर मी बघितले. वरच्या ओळीतले जुने फोटो मला बघवले नाहीत, इतके स्पष्ट. पापण्यांचे केस मोजावेत. खालच्या ओळींत मात्र सगळे चेहरे धुक्यात. डोळे म्हणजे दोन काळपट डाग, तोंड म्हणजे एक रेघ. मायक्रोस्कोपखाली पोरांनी स्क्रू जास्त फिरवला की पेशी अशाच विरघळतात, वर्षानुवर्षं बघितलंय मी.

तू बाहेर आलास. मी माझ्या सवयीप्रमाणे सगळ्यांसमोर बोलले, हे असले फोटो लावायची तुम्हाला लाज कशी वाटत नाही, ही माणसं त्यांच्या आयांनाही ओळखू यायची नाहीत. तू मान वाकडी करून बोर्डाकडे बघितलंस. ती मान गेलं वर्षभर वाकडी होती. विचारलं की मानेत लचक भरलीय म्हणायचास.

"कुठले फोटो?" तू म्हणालास.

मी एका फोटोवर बोट ठेवलं आणि विचारलं, "धाकट्या, हा बाई आहे का पुरुष?"

फोटो एका दाढीवाल्याचा होता. मामा दारात उभे होते, ते आत निघून गेले.

"कडा दिसतात," तू म्हणालास. "भिंत दिसते, तुझी पिशवी दिसते. मधलं गेलं. जिथे बघतो तेच जातं."

डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतो, आणि ते परत येत नाही, असं तुला डॉक्टरांनी केव्हाच सांगितलं होतं. तू एकटा गेला होतास. बायकोला नाही, मला नाही, साहेबांना तर नाहीच. रस्ता दिसत होता, बस दिसत होती, दरवाजे दिसत होते. दिसत नव्हता तो फक्त माणसाचा चेहरा, आणि तेच तुझं काम. मी विचारलं, मग सोडलं का नाहीस? तू म्हणालास की घरी बसून काय करू, तिच्याकडे बघत बसू, आणि ती कशी दिसते ते तिलाच विचारू? पुढे म्हणालास की दोरी होती ना, दोरी चुकत नव्हती. दोरी चुकत नव्हती हे खरंच होतं. चुकत लेन्स होती.

त्या संध्याकाळी तुझ्या घरी मी कॅमेरा खिडकीतून टाकीवर रोखला. रिंग शेवटापर्यंत नेली. टाकी होती, पण विरघळलेल्या साबणासारखी. तुझी बायको मागे उभी होती. म्हणाली, मी सांगितलं होतं ना टाकीसारखी दिसते म्हणून. मग तिला कळलं आणि ती मोरीत जाऊन उगाच भांडी घासत बसली. त्या दिवशी तिच्यावर तू आवाज चढवला नाहीस, तिनेही तुझ्यावर नाही. एरवी तुम्ही दोघं मिठाच्या डबीवरून भांडायचात.

नंतरच्या सुट्टीच्या दिवशी तू मामांना घेऊन माझ्याकडे आलास. बोर्डावरचे फोटो ऑफिसातला कारकून कापून लावायचा, चेहऱ्यापुरते, सगळे एका चौकटीत बसावेत म्हणून. मूळ फोटो तू कार्डात भरून आणले होतेस. माझ्या कॉम्प्युटरवर एकेक उघडायचा आणि मी काय दिसतं ते मोठ्याने सांगायचं, असं तू ठरवून आला होतास. नको म्हटलं तरी ऐकलं नाहीस. सगळे बघायचे, म्हणालास.

मी सांगत गेले. चेहरा पुसट. कपाळ पुसट. पण धाकट्या, कान बघ, म्हणजे ऐक, कान इतके स्वच्छ की आतली लव दिसतेय. डोक्याखालच्या ट्रेचा गंज दिसतोय, मानेखालची शिवण दिसतेय. उताण्या माणसाचे कान त्याच्या भुवयांपेक्षा खाली असतात, हे तुला मी सांगायची गरज नव्हती. लेन्स जरा पलीकडे बघत होती, ती बरोबर तिथे बघत होती. आणि ते कान कारकुनाने कापून टाकले होते.

तू हाताची घडी घालून, तोंड खिडकीकडे करून ऐकत होतास, म्हणजे कॉम्प्युटर तुझ्या डोळ्याच्या कडेला यावा. अर्धेअधिक झाले असतील. एका तरुण मुलाचा फोटो आला. मी म्हटलं, केस कुरळे, चेहरा पुसट, उजवा कान चांगला, डाव्या कानाची पाळी फाटून दोन झालेली, जुनी जखम, भरून आलेली.

"थांबा, ताई," मामा म्हणाले. "पुढे जाऊ नका."

ते उठून जवळ आले. चष्मा नव्हता म्हणून माझाच मागून लावला.

"ही त्या बाईच्या पोराची पाळी आहे."

कुठल्या बाईच्या ते तू विचारलं नाहीस. त्यावरून मी ओळखलं की तुला ठाऊक आहे.

ते मग मामांनीच सांगितलं. एक बाई, नर्सिंग होममध्ये आयाचं काम करणारी, मुलगा घरी आला नाही म्हणून बोर्ड बघायला आली होती. या मुलाच्या फोटोपुढे पुष्कळ वेळ थांबली. तेव्हा तो आतच होता, मुदत संपायची होती. तू तिथून जात होतास. तिने तुला थांबवलं आणि विचारलं, हा फोटो असा का हो, या मुलाचं तोंड असं का झालंय? आणि तू, माझ्या भावा, अनुभवी माणसाच्या आवाजात तिला सांगितलंस, "बाई, माणूस गेला की चेहरा ढिला पडतो. असाच दिसतो."

मग माझा नाही हा, ती म्हणाली. माझा झोपेतसुद्धा आठ्या घालून असतो. आणि हलकी होऊन निघून गेली. मामांना आठवत होतं की जाताना तिने बाकावरच्या दुसऱ्या एका बाईला धीरसुद्धा दिला. मुदत संपली, मुलगा बेवारस गेला. त्यानंतरही ती दर आठवड्याला यायची, बोर्ड बघायची, मामांपाशी बसायची. कानाचं तिने मामांना तेव्हा सांगितलं, लहानपणी पाळण्याच्या कडीत अडकून पाळी फाटली होती, टाके घालताना चौघांना धरावा लागला. तोवर दाखवायला आत कोणी उरलं नव्हतं. मामांनी ऐकून घेतलं, बोर्डावर तर नुसते चेहरे, आणि आत येऊन गेलेल्या इतक्या जणांत एक कान कोण लक्षात ठेवणार, त्यांना काय जोडता येणार.

बाकीचे फोटो तू त्यानंतरही बघायला लावलेस. म्हणजे मला. त्यांतले किती जण आपापल्या घरी जाऊ शकले असते, हे कळायला काही मार्ग नाही. त्यांच्याविषयी कोणी मामांपाशी बसून सांगितलेलं नव्हतं.

तू दुसऱ्याच दिवशी साहेबांपुढे उभा राहिलास. सगळं सांगितलंस, डोळे, दोरी, आटे, सगळं. ते तुझ्या बाजूने फार चांगले वागले, आणि मला त्याचाच संताप आला. तुला बसायला सांगितलं, चहा मागवला, तब्येतीचं कारण लिहून घरी जा म्हणाले. त्या बाईचं काय, असं तू विचारलंस. ते म्हणाले, तिला सांगून कोणाचं भलं होणार आहे? आज तिला आशा आहे. देहसुद्धा देता येणार नाही आपल्याला. उगाच आपणहून अंगावर कशाला ओढवून घ्यायचं. नवा फोटोग्राफर आला, त्याने कपाटातली लेन्स काढली, फोटो चांगले यायला लागले. ती घुरघुरायची, पण शेवटी पकडायची, मामा म्हणाले. ते ऐकून तू जेवला नाहीस.

घरी बसल्यावर तू कसा होतास ते तुझी बायको लिहू देणार नाही, तरी लिहिते. म्हातारीसारखा खिडकीत बसायचास. कोणी आलं की त्याच्या खांद्याकडे बघून बोलायचास, म्हणजे चेहऱ्याची निदान कड तरी मिळावी. लेन्सला हात लावायचा नाहीस. मी म्हटलं, दे, मी त्या आट्यांचं बघते, सुईचा ओरखडा मला दिसतो. तू म्हणालास, राहू दे, आता कुणाला बघायचंय तिच्यातून. आणि घोकल्यासारखं एकच, ती बाई अजून येते का? मी मामांना फोन करायचे. येते, ते सांगायचे. आज पाऊण तास बसली. आज नव्या फोटोग्राफरला विचारत होती की पूर्वीचे फोटो काढून टाकले का.

शेवटी तू म्हणालास की मी तिच्या घरी जाऊन सांगतो. मामांनी पत्ता दिला, तिनेच कधीतरी दिला होता, काही कळलं तर या म्हणून. फोन तिचा लागत नव्हता, बंद पडलेला. मी म्हटलं, मीच जाऊन सांगू का? कोणाचं तरी तोंड नीट दिसत असेल तर सांगणं सोपं जातं. त्यावर तू असा चवताळलास की काय सांगू.

"तिला खोटं मी सांगितलं, खरंही मीच सांगणार. तू फक्त दारापर्यंत ने."

हातात काहीतरी हवं म्हणून त्या कानाचा फोटो मी मोठा करून घेतला. पुसट चेहरा कापायला लावला; आयुष्यात पहिल्यांदा मी कारकुनाच्या उलटं कापलं. पाळी, तिचे दोन भाग, मधला पांढरा व्रण. पाकिटात घालून पिशवीत ठेवला.

त्या दिवशी आपण बसने गेलो. तू इस्त्रीचा शर्ट घातला होतास, बटण एक घर चुकवून लावलं होतं, मी ते बसमध्ये नीट केलं. गल्ली अरुंद होती, दोन्ही बाजूंना तीन मजली इमारती, जिन्याखाली सायकली. कोपऱ्यावर तू थांबलास. आधी दार बघून ये म्हणालास, म्हणजे मग चाचपत बसायला नको. मी बघून आले. दुसरा मजला, हिरवं दार, कडी बाहेरून नाही, म्हणजे ती घरात होती. खाली आले आणि तुला तसं सांगितलं. तू मान वाकडी करून जिन्याकडे बघितलंस.

"आत कोणी बोलतंय का?"

म्हटलं, रेडिओ चालू आहे.

"पाहुणे असतील," तू म्हणालास. "आज नको, ताई."

पाहुणे नव्हते हे तुलाही कळत होतं. मी तुला फरफटत वर नेलं असतं, तेवढा जोर होता माझ्यात. पण तुझा हात माझ्या हातात होता आणि तो गार पडला होता, म्हणून बुधवारचं ठरवलं. बुधवारी तुला ताप होता. नंतर छातीत कफ भरला आणि तुला तुझ्याच इस्पितळात न्यावं लागलं, यावेळी पुढच्या दाराने. तिथे नळ्या लावलेल्या असताना तू मला विचारलंस, तू गेली तर नाहीस ना? मी म्हटलं, नाही, तू सांगणार आहेस ना. हो, मीच, तू म्हणालास. मग आपण शुक्रवारचं ठरवलं. शुक्रवारी सकाळी तू गेलास. मामा वर आले, तुझ्याजवळ उभे राहिले, आणि त्यांनी तुझ्या भुवयांच्या मध्ये बोट टेकवलं. का ते मी विचारलं नाही.

सगळं आवरल्यावर मी पिशवी घेऊन एकटी गेले. तू रागावला असतास, रागाव. हिरवं दार एका नुकत्याच लग्न झालेल्या मुलीने उघडलं. आत नवं कपाट होतं, त्याचं प्लास्टिकसुद्धा काढलं नव्हतं. त्या बाई आता इथे राहत नाहीत, खोली सोडून गेल्या, ती म्हणाली. मी विचारलं, कुठे? पत्ता ठेवलाय का?

"पत्ता नाही ठेवला," ती म्हणाली. "त्यांचा मुलगा येईल म्हणाल्या. तो आला की एवढंच सांगायचं, मोठ्या मावशीकडे गेले आहे. त्याला कळेल म्हणाल्या."

ही मावशी कुठली, कुठे असते, मी दोनदोनदा विचारलं. त्या पोरीला काही माहीत नव्हतं. मामांनाही नाही, त्यांच्याकडे ती आता येत नाही. नर्सिंग होममध्ये विचारलं, तिथे तर ती कधीच काम सोडून गेली होती. मी जिन्यात उभी होते, तेव्हा ती मुलगी मागून म्हणाली, आजी, तुम्ही त्या मुलाला ओळखता का? दिसला तर त्याला निरोप द्याल?

मी देते म्हटलं.